सातबाऱ्यावर झेंडू

मी वेबसाइटी बनवायचे, त्याही नगरमध्ये, असं सांगितलं की आजची पोरं ‘मग त्यात काय’ अशा नजरेने बघतात. त्यांना कसं समजावणार, की त्या काळी नुसतं ‘वेबसाइट’ म्हटलं तरी समोरचा माणूस आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि मग दबक्या आवाजात विचारायचा, हे काय असतं, आणि सरकारची परवानगी लागते का. नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं म्हणते आहे मी. तारकपूर स्टँडच्या मागे माझा कॉम्प्युटर क्लास होता. आत यायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही, असं तेव्हा सगळे मानत. मीही मानायचे, आणि त्यामुळे क्लासला देवळासारखा मान मिळतो हे मला मनातून आवडायचं.

इंटरनेटसाठी पुण्याच्या नंबरला एसटीडी लावावा लागे. दिवसा ते परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पहाटे उठून, दर कमी असताना, फोन लावायचे. एकीकडे दूध तापायचं, दुसरीकडे मोडेम किंचाळायचं. नवरा म्हणायचा, आपल्या घरात कोंबडा पाळायची गरज नाही. वेबसाइट म्हणजे तरी काय, तर लांबच्या एका कॉम्प्युटरवर ठेवलेली चार पानं, मजकूर आणि फोटो. जगात कुणीही, कुठूनही, हवं तेव्हा ती उघडून बघावीत. एवढं सोपं, पण ते पटवताना माझी निम्मी शक्ती खर्च व्हायची.

गिऱ्हाइकंही एकेक नग. श्रीगोंद्याच्या एका लिंबाच्या व्यापाऱ्याला त्याच्या लिंबाचा फोटो पानभर मोठा हवा होता. मी सांगून थकले की फोटो जेवढा मोठा तेवढा तो उतरायला वेळ लागतो. त्याने ऐकलं नाही. शेवटी लिंबू एवढं मोठं झालं की अर्धं दिसेपर्यंत बघणारा कंटाळून निघून जायचा. व्यापारी मात्र खूश. म्हणाला, अर्ध्यावरून पारख न करणारं गिऱ्हाईक आपल्याला नकोच. एका मंगल कार्यालयवाल्याने तर वेबसाइटचं उद्घाटन आमदारांच्या हस्ते केलं. मॉनिटरला लाल फीत बांधली होती. आमदारांनी ती कापली आणि सोबत माउसची वायरही कापली. टाळ्या चांगल्या पडल्या.

पण मला सांगायचं आहे ते तात्यांबद्दल.

तात्या मूळचे साखर कारखान्यातले फिटर. तिथली नोकरी सोडून त्यांनी सुप्याच्या एमआयडीसीत पत्र्याची शेड घातली आणि रसवंतीचे चरक बनवायला लागले. उसाचा रस काढायचं विजेवर चालणारं छोटं यंत्र. लोखंड असं वापरायचे की विचारू नका. आणि हाच त्यांच्या मालाचा दोष होता. एकदा तात्यांचा चरक घेतलेला रसवंतीवाला पुन्हा म्हणून दुकानात येत नसे. यंत्र बिघडतच नसे. आख्ख्या जिल्ह्यातल्या रसवंत्यांना चरक देऊन झाले आणि तात्या मोकळे बसले. तेवढ्यात कुणीतरी त्यांना माझा पत्ता दिला.

मी त्यांची वेबसाइट बनवली. इंग्रजीत साधा मजकूर लिहिला: उसाचा रस काढायचं यंत्र, एवढ्या ताकदीचं, असं असं. मग जगभरातले जे जे सर्च इंजिन तेव्हा होते, त्यांना कळवलं की आम्ही आहोत, या आणि बघून जा. आणि काय सांगू, पत्रं यायला लागली. केनिया, फिजी, ब्राझील. जिथे ऊस पिकतो आणि माणसाला तहान लागते तिथून ईमेल यायची, आणि त्यांतूनच चरकांच्या ऑर्डरी मिळून शेड पुन्हा चालू लागली. पहाटे ती उतरवून घ्यायची, डॉट मॅट्रिक्सवर छापायची आणि आठवड्यातून एकदा एसटीने सुप्याला न्यायची, असा माझा परिपाठ झाला. तात्यांनी शाळेतला जगाचा नकाशा आणून शेडमध्ये टांगला होता. ज्या देशातून पत्र येईल तिथे ते आपल्या बायकोची, आमच्या काकींची, एक टिकली लावायचे. वर्ष-दीड वर्षात आफ्रिका अगदी सवाष्ण दिसायला लागली.

पत्रवाचन हा शेडमधला सोहळाच होता. मशीन बंद करून सगळे कामगार गोल बसत, काकी चहा आणत, आणि मी एकेक पत्र मराठीत सांगत असे. केनियातल्या एकाने विचारलं होतं, चरकाला बैल जोडता येईल का. बर्फाळ देशातल्या एका विद्यार्थ्याला उसावर निबंध लिहायचा होता, त्याला तात्यांनी माझ्याकरवी दोन पानं उत्तर पाठवलं. सगळे हसायचे, एकमेकांना टोमणे मारायचे. फक्त विलास दर पत्राला एकच प्रश्न विचारायचा.

“मॅडम, तिथं ऊस कोन तोडतं?”

विलास हा तात्यांचा लेथवरचा माणूस. शेवगावकडचा, कोरडवाहू मुलखातला. आईबाप दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याचं बालपण कारखान्यांच्या तळांवर, पाचटाच्या कोपीत गेलेलं. शाळा चौथीतच सुटली. शेडमध्ये झाडू मारायला आला आणि तात्यांच्या हाताखाली लेथ शिकला. त्याच्या हातचा, ऊस पिळणारा रोलर गुळगुळीत, बघत राहावा असा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला कधीच देता यायचं नाही. तिथलेच लोक तोडत असतील, असं मी म्हणायचे आणि पुढचं पत्र काढायचे.

आता दसऱ्याकडे येते. खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना हात लावायचा नसतो, हे आपल्याकडे सांगायला नको. तात्यांच्या शेडमध्ये काकी चरकाला असा काही हार घालायच्या की यंत्र दिसतच नसे, झेंडूचा डोंगर दिसे. विलास पूजेत नसायचा. त्याचा दसरा वेगळा. दसऱ्याच्या दिवशी तो पांढरे कपडे घालून बायको-मुलीला घेऊन विहारात जायचा. पण आदल्या दिवशी लेथ मात्र आरशासारखा पुसून ठेवायचा. कुंकू लावलं नाही म्हणून तात्यांनी त्याला कधी टोकलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी तात्यांचा फोन आला. उद्यापासून दोन दिवस सगळी यंत्रं बंद, तेव्हा वेबसाइटही बंद ठेवा. मी म्हटलं, तात्या, ते यंत्र नाही, ती नुसती पानं आहेत.

“कामं आनती का न्हाई? मंग ती बी थकत आसंल. दोन दिस बसू द्या तिला.”

या युक्तिवादापुढे माझं कॉम्प्युटरचं शिक्षण तोकडं पडलं. शिवाय खरं सांगते, मला ती कल्पना गोडच वाटली. मी सगळी पानं काढून ठेवली आणि त्यांच्या जागी एकच पान टाकलं. त्यावर गेल्या वर्षीचा, हारात बुडालेल्या चरकाचा फोटो, आणि खाली इंग्रजीत तीन ओळी: आज आमची यंत्रं विश्रांती घेत आहेत, त्यांनी झेंडूचे हार घातले आहेत, सण झाल्यावर जरूर या. किती छान दिसत होतं ते. मी नवऱ्याला उठवून दाखवलं.

दसरा झाला. सोनं वाटून झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे पानं परत चढवायला बसले तर फोन मुका. गटारीच्या खोदकामात आमच्या भागातली केबल तुटली होती. आज जोडतो, उद्या जोडतो असं करत लाइनमन आम्हाला दिवाळीच्या तोंडापर्यंत घेऊन आला. मी निर्धास्त होते. चार दिवस हार जास्त राहिला तर बिघडलं काय, असंच मला वाटत होतं.

फोन सुरू झाला त्या पहाटे मी ईमेलची पेटी उघडली तर पत्रांचा ढीग. मनात म्हटलं, वा, तात्यांची दिवाळी झाली. पहिलं पत्र उघडलं. लंडनच्या एका बाईला मुलीच्या लग्नात झेंडूचे हार हवे होते, आम्ही किती दिवसांत पोचवू शकू? दुसरं उघडलं. टोमॅटोच्या मधोमध झेंडू लावला तर कीड जाते हे खरं का? तिसरं एका नाटक मंडळीचं, कागदी झेंडू आहेत का. चौथं कुठल्याशा गिरणीतल्या कामगाराचं. त्याने लिहिलं होतं, तुमच्याकडे यंत्रांना सुट्टी मिळते तर माणसांना किती मिळत असेल, जागा आहे का? उसाबद्दल एकाही माणसाने एक अक्षर विचारलेलं नव्हतं.

चहा तसाच ठेवून मी सर्च इंजिन उघडलं आणि ‘उसाचा रस, यंत्र’ असं टाकलं. एरवी आम्ही पहिल्या पानावर असायचो. पहिलं पान बघितलं, दुसरं बघितलं, बघतच गेले. आम्ही कुठेच नव्हतो. मग मनाशीच चरफडत ‘झेंडूचा हार’ टाकलं. तिथे आम्ही सगळ्यांत वर होतो.

त्याच दिवशी मी सुप्याची एसटी पकडली. सोबत हसण्यापुरती चार पत्रं छापून घेतली होती. बाकीची छापायचे कष्टही घेतले नाहीत. तात्यांना समजावून सांगणं भाग होतं. मी म्हटलं, तात्या, सर्च इंजिन म्हणजे कुणी बसून प्रत्येक दुकान बघत नाही. त्यांचा एक न दिसणारा फिरस्ता असतो, तो सगळ्या जगाच्या पानांवरून फिरतो, वाचतो आणि नोंद करून निघून जातो. फोटो त्याला कळत नाहीत, फक्त शब्द कळतात. तो परत कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. आपल्याकडे तो नेमका सणात येऊन गेला. तात्या म्हणाले,

“म्हंजी तलाठी पीकपाणी लावाया आला, आन् त्या दिशी रानात नुसता झेंडू हुता.”

मी म्हटलं, अगदी बरोबर.

“आन् त्यानं सातबाऱ्यावर झेंडू लावला.”

इतकी वर्षं मी हा विषय शिकवला; याहून चांगलं कुणी समजावून सांगितलेलं नाही. पण समजलं म्हणून दुखणं थांबत नाही. तात्यांनी विचारलं, त्या तलाठ्याचं ऑफिस कुठे आहे, जाऊन भेटू, चहा पाजू. मी म्हटलं, अमेरिकेत. मग अर्ज द्या म्हणाले. तो तर मी देणारच होते. तशी सोय होती. आपल्या पानाचा पत्ता लिहून पाठवायचा, की बाबा पुन्हा ये. पण अर्ज दिला म्हणून तो धावत येईल असं नव्हतं. पंधरा दिवस लागतात, कधी दोन-दोन महिने. तात्यांनी कामगारांकडे बघितलं. हातातली कामं संपत आली होती. दिवाळीपर्यंतचा पगार मी देतो, पुढचं सांगता येत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सरळ सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाकीची पत्रंही घेऊन या.

मी उडालेच. मी म्हटलं, तात्या, ती झेंडूची पत्रं आहेत, त्यांना आपण काय देणार? प्रत्येक उत्तराला एसटीडी पडतो.

“ताई, दारात आलेल्या मानसाला पानी तरी इचारावं. चुकून आला म्हनून काय झालं? उत्तर समद्यांला गेलं पायजे.”

मला राग आला होता. तात्यांचा नव्हे, खरं तर त्या फिरस्त्याचा, गटारीचा, लाइनमनचा, पण समोर तात्या होते म्हणून त्यांच्यावर निघाला. तुमच्या पाहुणचारापायी माझा धंदा बुडेल, असं काहीतरी बोलून मी तरातरा बाहेर पडले.

शेडच्या मागच्या बाजूला ग्राइंडरचा आवाज येत होता. जेवणाची सुट्टी होती, बाकी सगळे डबे उघडून बसलेले. ग्राइंडरवर विलास होता. मला वाटलं रोलर घासतोय. जवळ गेले तर हातात कोयता. ऊस तोडायचा कोयता, लाकडी मूठ घासून काळी पडलेली. ठिणग्या उडत होत्या आणि तो धार अंगठ्याने बघत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं.

हा त्याच्या वडिलांचा कोयता होता. गावाकडच्या मुकादमाला एक जोडी कमी पडत होती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तो येऊन विलासला विचारून गेला होता. पाडव्यापर्यंत सांग, मग गाडी भरणार. दिवसभर उसाचं यंत्र बनवणारा माणूस ऊस तोडायला निघणार, यात हसण्यासारखं काहीतरी होतं, पण आम्हा दोघांनाही हसू आलं नाही.

“मॅडम, खरं सांगा. आपली साइट परत कवा लागंल?”

मी म्हटलं, विलास, मला माहीत नाही.

“आमची कमल आवंदा पहिलीत बसलीय, हितं सुप्याच्या शाळेत. तिला कुनाकडं ठिवनार? मी तिच्याएवढा हुतो तवा लई साखर कारखाने बघितले. शाळा तेवढी धड न्हाई बघितली.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. भाव विचारावा तसं तो बोलत होता. मी एसटी स्टॉपवर आले. माझ्या तीन गोड ओळींनी एका पोरीची शाळा सुटायची वेळ आली आहे, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी लोकांना वेबसाइट म्हणजे नुसती पानं आहेत असं सांगत फिरत होते, आणि त्या पानांवर माणसं जेवत होती. एसटीत बसल्यावर मला रडू आलं. शेजारच्या बाईने न विचारता संत्र्याची फोड दिली.

पुढचे दोन दिवस मी क्लास मुलींवर सोपवला आणि कामाला लागले. पानं परत चढवली. एकूण एक सर्च इंजिनकडे अर्ज धाडले. तात्यांच्या परदेशातल्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांची स्वतःची वेबसाइट होती त्यांना विनवलं, की तुमच्या पानावर आमचा उल्लेख करा, म्हणजे निदान तुमच्या ओळखीचे लोक तरी आमच्याकडे येतील. फिजीच्या एका भल्या माणसाने लगेच केला. आमच्या पानावर किती जण येऊन गेले ते मोजणारा एक आकडा होता. तो थोडा थोडा वाढायचा. पण मीच दर पहाटे उघडून बघत होते म्हणून तो वाढत असावा, अशी मला दाट शंका आहे.

आणि तात्यांच्या हट्टासाठी ती सगळी झेंडूची पत्रं छापली. वाचली नाहीत, नुसती छापली. प्रिंटर करकरत होता आणि मी त्याच्यावर चिडत होते.

धनत्रयोदशीच्या दिवशी मी ती भेंडोळी घेऊन सुप्याला गेले. शेडमध्ये काम असं नव्हतंच. सगळे गोल बसले, काकींनी चहासोबत चकल्या ठेवल्या. मी वाचत गेले आणि तात्या उत्तरं सांगत गेले. लंडनच्या बाईला सांगा, हार पोचायच्या आत सुकतील, मुलीला आमचा आशीर्वाद. टोमॅटोवाल्याला सांगा, खरं आहे, आमच्या घरामागेही तसंच लावतात. गिरणीतल्या कामगाराला सांगा, सध्या इथे आहेत त्यांनाच काम नाही. हे सांगताना कुणी कुणाकडे बघितलं नाही.

ढीग संपत आला तेव्हा मॉरिशसचं एक पत्र निघालं. निवृत्त शिक्षक होते ते. आडनाव फ्रेंच वळणाने लिहिलेलं, पण आतून आपलंच. इंग्रजी पत्रात मध्येच ‘आजी’ आणि ‘कोयता’ हे दोन शब्द त्यांनी रोमन लिपीत तसेच ठेवले होते. मी वाचत वाचत मराठीत सांगायला लागले. त्यांचे पणजोबा ऊस तोडायला म्हणून बोटीने तिकडे नेलेले. पुढच्या दोन पिढ्यांनीही ऊसच तोडला. त्यांची आजी दसऱ्याला कोयता धुऊन त्यावर झेंडूचं फूल ठेवायची. आता घरात ते कुणी करत नाही. दसऱ्याच्या सुमाराला आजीची आठवण आली, म्हणून त्यांनी सहज झेंडू, यंत्र, हार असे शब्द टाकून बघितलं, तर तुमचं पान निघालं. तुमच्याकडे यंत्रांनासुद्धा हार घालतात हे वाचून बरं वाटलं. फोटोत फुलंच फुलं दिसतात. एकच विचारायचं होतं.

मी थांबले. शेवटची ओळ मी आधी मनात वाचली आणि मग मोठ्याने सांगितली.

“हाराखाली काय आहे?”

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. विलास उठून उभा राहिला. त्याने माझ्या हातातला कागद घेतला, त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघत राहिला.

“म्हंजी तिथं ऊस आमच्यासारख्यांनीच तोडला,” तो म्हणाला. “मॅडम, त्याला सांगा हाराखाली काय हाय ते. नीट सांगा.”

मी त्याच दिवशी परत येऊन पत्र लिहिलं. पहाटेची वाट बघितली नाही, दिवसाच्या दराने एसटीडी लावला. हाराखाली उसाचा रस काढायचं यंत्र आहे, ते कोण बनवतं, त्याचे रोलर कोण घडवतं, त्या माणसाचे आईवडील काय करत होते, सगळं लिहिलं. इतकं लांब आणि इतकं मनापासून पत्र मी नवऱ्यालाही कधी लिहिलं नव्हतं.

उत्तर नाही. लक्ष्मीपूजन झालं. पाडव्याला सकाळी तात्यांचा फोन आला. मला वाटलं शुभेच्छांचा असेल. ते म्हणाले, विलासने मुकादमाला नाही म्हणून कळवलं. कशाच्या भरवशावर? तात्यांनी त्यालाही हेच विचारलं होतं. विलास एवढंच म्हणाला होता, की ज्याने हाराखाली बघायची इच्छा केली तो नुसता बघून जाणार नाही. मी फोन ठेवला आणि फराळाचं ताट बाजूला सारलं. माणसाने विचारलेला एक साधा प्रश्न, आणि त्यावर दुसऱ्या माणसाने आख्खा हंगाम टाकला. मी रोज जगभरचे प्रश्न पोचवत होते, पण एखाद्या प्रश्नावर इतका विश्वास ठेवायची माझी छाती झाली नसती.

भाऊबीज होऊन गेल्यावर एका पहाटे मॉरिशसहून पत्र आलं. गुरुजी मुलाकडे गेले होते म्हणून उशीर झाला होता. मुलगा समुद्राकाठच्या बाजारात उसाचा रस विकायचा आणि त्याचं यंत्र दर आठवड्याला बिघडायचं. त्याला एक चरक हवा होता. खाली मुलाच्या हातची ओळ होती: बाजारातल्या बाकी रसवाल्यांनाही हवे आहेत, सगळ्यांचं मिळून कसं जमेल ते कळवा.

मी पहिल्या एसटीने निघाले. एसटी कामरगावला पोचली तेव्हा माझ्या लक्षात आलं की पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. सुप्याला विलास शेडचं कुलूप काढत होता. कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचून दाखवा असंही म्हटलं नाही, माझा चेहरा बघितला आणि आत जाऊन लेथचं बटण दाबलं. तात्या आले तेव्हा आम्ही दोघं त्या आवाजात उभे होतो. तात्यांनी काकींच्या टिकल्यांतली सगळ्यांत मोठी टिकली शोधली आणि मॉरिशसवर लावली. बेट एवढंसं, टिकलीखाली पार झाकलं गेलं.

ते काम शेडला थंडीभर पुरलं. थंडी संपता संपता तलाठी परत आला. एका पहाटे बघते तर आम्ही उसाच्या पहिल्या पानावर, पूर्वीच्याच जागी. मी आनंदाने तात्यांना फोन केला. त्यांनी आधी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, म्हणजे आता झेंडूवरून कुणी येणार नाही का? त्यांच्या आवाजात चक्क हळहळ होती. शेवटी मी झेंडूचं एक वेगळं पान करून दिलं, कायमचं. लंडनच्या बाईने त्यावरून लग्नाचा फोटो पाठवला. हार कागदी होते, त्या नाटक मंडळींकडून घेतले असतील का, असा तात्यांना बरेच दिवस संशय होता.

आता मी क्लास बंद करून बसले आहे. तरी अजून कुणीतरी ओळख काढून येतं, चेहरा पडलेला असतो. मॅडम, सर्च इंजिनने नियम बदलले, आमची वेबसाइट खाली गेली, कुणी येत नाही. मी त्यांना उपाय सांगते, जेवढे अजून कळतात तेवढे. आणि जाताना विचारते, अगदी कुणीच येत नाही, की तुम्हाला हवे ते येत नाहीत? जे येतायत त्यांना उत्तर देता का? बहुतेक जण उत्तर देत नाहीत. त्यांच्या नजरेतून मला माझाच तरातरा शेडबाहेर पडणारा पाय दिसतो.

पुढच्या खंडेनवमीला मी मुद्दाम सुप्याला गेले. वेबसाइट चालू ठेवायची, फक्त कॉम्प्युटरला हार घालायचा, अशी आमची तडजोड झाली होती. काकींनी चरक नेहमीसारखा फुलांत बुडवला होता. मॉरिशसहून त्याच आठवड्यात एक फोटो आला होता, तो तात्यांनी नकाशाशेजारी चिकटवला होता. बाजारातल्या टपरीत तात्यांचा चरक, आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकवलेला जुना कोयता, त्यावर झेंडूचं एक फूल.

विलासने लेथ आरशासारखा पुसून ठेवला होता. त्याच्या बाजूला, स्वच्छ कापडावर, वडिलांचा कोयता होता.

“आमी पूजा करत न्हाई,” तो म्हणाला, “पन फूल ठिवायला काय हरकत हाय?”

फूल ठेवायला कमल पुढे झाली. दुसरीत गेली होती. धार लागेल म्हणून मी तिचा हात धरायला वाकले, तर विलास हसला. कोयत्याच्या पात्यावर तांबूस गंज चढला होता. ग्राइंडरवर त्या दिवशी लावलेली धार कधीच गेली होती, आणि परत कुणी ती लावली नव्हती.